मुलीचं ऑपरेशन आणि बेसाचा प्लॉट

नमस्कार ताई,

तुमचं पत्र इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगी नऊ वर्षांची. डोकं सारखं दुखायचं, बीपी बघितला तर १६०/११०. डाव्या किडनीची धमनी अरुंद निघाली. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करणं) झाली, पण बीपी पुन्हा चढला. आता त्या धमनीचा बायपास (अडथळा टाळून रक्ताला नवी वाट जोडणं) सुचवलाय, मुंबईत, अंदाजे साडेसहा लाख. इकडे नागपूरजवळच्या बेसाच्या प्लॉटला दलाल सतरा लाख देतोय, त्यातले सहा रोख, पंधरा दिवसांत व्यवहार. आत्ता विकून ऑपरेशन करावं, की गोळ्यांवर दोन वर्षं काढून प्लॉटला भाव येऊ द्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते दोन्ही नको. हे ऑपरेशन प्लॉटला हात न लावता होऊ शकतं. ते कधी करायचं हे फक्त डॉक्टरांनी ठरवावं.

धमनी अरुंद झाली की त्या किडनीला रक्त कमी पोचतं. अख्ख्या शरीरातच दाब कमी झालाय असं समजून ती रेनिन नावाचं, दाब वाढवणारं रसायन सोडते आणि बीपी आणखी चढतो. गोळ्यांनी आकडा खाली येतो, पण अडथळा तसाच राहतो. बीपी चढाच राहिला तर हृदयाची भिंत जाड होते, आकडी येऊ शकते, नजर जाऊ शकते, किडनीही आक्रसत जाते. त्यामुळे भावासाठी दोन वर्षं थांबण्याची किंमत तुमची लेक मोजेल.

थांबणं प्रत्येक वेळी चूकच, असं मात्र नाही. औषधांनी बीपी नीट ताब्यात असेल आणि किडनीला धोका नसेल, तर मूल थोडं वाढू द्यावं म्हणून सर्जन स्वतःच थांबतात. आपल्या देशात मुलांमध्ये या आजाराचं एक मोठं कारण टाकायासू, म्हणजे धमन्यांची सूज. ती चालू असेल तर शक्यतो आधी औषधांनी शमवतात, मग ऑपरेशन. ही थांबण्याची खरी कारणं.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, कारण बिल त्यावर फिरतं: डीएमएसए स्कॅनमध्ये (प्रत्येक किडनीचं काम वेगळं मोजणारी तपासणी) डावी किडनी किती टक्के काम करते? दहा टक्क्यांच्याही खाली असेल आणि उजवी निरोगी असेल, तर बायपासऐवजी ती किडनी काढण्याचा सल्ला मिळू शकतो. ते ऑपरेशन सहसा लहान, खर्चही कमी. किडनी चांगली चालत असेल तर ती वाचवायला पैसे घालावेत, हे मी ठामपणे सांगतो. बायपास करा, नाहीतर किडनी सोडवून ओटीपोटात पुन्हा बसवा (ऑटोट्रान्सप्लांट). नवी जोडणी बंद पडली तर पुढचा खर्च किती, हेही आत्ताच विचारून ठेवा.

आता पैसे. प्रवास-राहणं धरून साडेसात लाख लागतील. तुमची स्वतःची मेडिक्लेम गेल्या वर्षीची, आधीच्या आजाराला प्रतीक्षाकाळ, म्हणून नकार आला. पण यजमानांच्या बुटीबोरीच्या कंपनीची तीन लाखांची ग्रुप पॉलिसी तुम्ही हिशेबातच धरली नाही! ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून असतात. एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या, आणि खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती एक टक्का असेल तर दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर विमा कंपनी नुसतं भाडंच कापत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात निम्मे करते. औषधं आणि इम्प्लांट त्यातून वगळलेले असतात. म्हणून मी अडीच लाखच धरतो. एफडीतले दोन, पीपीएफमधून दीड (तुमचं सातवं वर्ष चालू आहे, अंशतः काढता येतात), आणि पीएफची आजारपणाची आगाऊ रक्कम दीड. झाले साडेसात. पीएफची ही रक्कम परत भरावी लागत नाही. कॅशलेस अडलं तर दागिन्यांवर तात्पुरतं कर्ज काढा, क्लेम आला की फेडा. सुकन्या समृद्धी मोडू नका.

त्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघा. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. रेशनकार्ड आणि फाइल घेऊन नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी रुग्णालयाच्या) सुपर स्पेशालिटीत आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, योजनेतल्या कुठल्या रुग्णालयात होतं, हे तो सांगेल. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते.

दलाल भाव पाडतोय कारण आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) अजून तुमच्या हातात नाही. ते आलं की बँकेचं कर्ज घेणारा गिऱ्हाईक येईल. शेजारचा प्लॉट बावीसला गेला, हे तुम्हीच लिहिलंय. आणि ती सहा लाखांची रोख अजिबात नको. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर कागद वकिलाला दाखवा, आणि एचआरचं उत्तर आलं की मला कळवा, आकडे पुन्हा मांडू.