क्षेपणभूमी बंद केली की तिच्या कडेची गरिबी संपते का?

प्रश्न : शहराच्या क्षेपणभूमीला, म्हणजे कचरा टाकण्याच्या जागेला, लागून राहणारी कुटुंबे धूर, दुर्गंधी आणि आजार सोसूनही तेथून हलत नाहीत. दुसरीकडे घरे दिली तरी त्यांतील काही जण परत येतात, असे वाचले. असे का होते? क्षेपणभूमी बंद करणे हाच खरा उपाय नव्हे का?

उत्तर : ही कुटुंबे कचऱ्याजवळ राहतात, कारण त्यांचे पोट त्या कचऱ्यावर आहे. कचऱ्याची गाडी रिकामी होताच विकण्याजोगा माल वेचला जातो; उशिरा येणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून दूरच्या वसाहतीत पक्के घर मिळाले तरी जाण्यायेण्याचा खर्च आणि हुकणारी गाडी यांचा विचार करून माणसे परततात, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नसतो.

मूळ अडचण भावाची आहे. वेचलेला माल साठवायला जागा नसते, तो भिजण्याची किंवा जळण्याची भीती असते आणि रात्रीची चूल त्याच दिवसाच्या विक्रीवर पेटते. त्यामुळे जवळच्या भंगारवाल्याला, त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने माल द्यावा लागतो. आजारपणात त्याच्याकडून उचल घेतली, की माल दुसऱ्याला विकण्याची सोयही उरत नाही. पुढे वर्गवारी, धुलाई आणि गठ्ठे बांधणे या प्रत्येक टप्प्यावर मालाची किंमत वाढते, पण वेचणाऱ्याला त्या वाढीतला वाटा क्वचितच मिळतो. मंदीची झळ मात्र त्याला लगेच लागते : २००८ च्या अखेरीस जगभर भंगाराचे भाव कोसळले, तेव्हा अनेक देशांतील कचरावेचकांची कमाई एकाएकी घटली.

यात जीवाचा धोका वेगळाच. फिलिपाइन्समधील पायातास येथे जुलै २००० मध्ये मुसळधार पावसानंतर कचऱ्याचा डोंगर झोपड्यांवर कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबाजवळच्या कोशे येथे मार्च २०१७ मध्ये अशाच दुर्घटनेत शंभराहून अधिक बळी गेले.

तेव्हा उघडी क्षेपणभूमी बंद झालीच पाहिजे. वाद आहे तो क्रमाचा. रिओ दि जानेरोजवळची जार्दिम ग्रामाशो ही प्रचंड क्षेपणभूमी २०१२ मध्ये बंद झाली आणि कचरावेचकांना एकरकमी भरपाई मिळाली, तरी शेजारची वस्ती गरीबच राहिली. रक्कम खर्च होऊन जाते आणि रोजचे काम गेलेले असते, हे कागदावर योजना आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, की ते सोयीने विसरले जाते, कोण जाणे! बोगोटातील कचरावेचकांनी निराळी वाट धरली. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, २००३ पासून कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाचे निकाल त्यांच्या बाजूने लागत गेले आणि २०१३ पासून शहर त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनानुसार सेवेचा मोबदला देऊ लागले. भंगाराच्या विक्रीचे पैसे मिळतात ते वेगळेच.

माझ्या मते बंदची तारीख जाहीर होण्याआधी दोन कामे व्हावीत. पहिले, वर्गीकरण केंद्रात या लोकांना नियमित वेतनाचे काम आणि वस्तीत त्यांच्या मालकीचा काटा व गोदाम. दुसरे, नोंदणी; कारण क्षेपणभूमीला कुंपण पडल्यावर तेथे कोण राबत होते हे सिद्ध करण्याचा मार्ग उरत नाही, आणि घरी बसून माल निवडणाऱ्या स्त्रियांची नावे तर अशा याद्यांतून सर्वांत आधी गळतात.