घरी शिकवायचं ठरवण्याआधी: अकरा वाजता घरात कोण असतं?

शहाद्याच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा तिसरीत, रोज सकाळी शाळेच्या वेळेला रडतो, पोट दुखतं म्हणतो. शनिवारी बाबा गाडीवर सोडतात तेवढा एक दिवस गुपचूप जातो. तुम्ही विचारलंय की लोक मुलांना शाळेतून काढून घरी का शिकवतात, कायद्याचं काय, आणि आपल्याकडे हे जमेल का. मी चोपडा तालुक्यातली. मुलीला दुसरीनंतर काढलं, दहावीपर्यंत घरी शिकवलं. धाकटा मुलगा मात्र पहिल्यापासून शाळेत जातो आणि मजेत आहे. एकाच घरात दोन्ही प्रकार झाल्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक मला फितूर समजतात.

आधी आमचं कारण सांगते. मुलगी तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. व्हॅन सकाळी सव्वासहाला दाराशी, कारण ती पाच गावं फिरून जायची. दुसरीत असताना एके दिवशी ती तिच्या आजीला म्हणाली, "तू माझ्या मैत्रिणींसमोर बोलू नको. तुझं गावठी आहे." माझ्या सासूबाई अहिराणीच बोलतात. त्या काही बोलल्या नाहीत, भाकरी थापत राहिल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पोरीला इंग्रजी अजून धड येत नव्हतं, मराठीत वाचता येत नव्हतं, आणि जी भाषा येत होती तिची लाज वाटायला लागली होती.

पण ताई, खरं सांगू का, हा राग होता. आणि रागावर मुलाला घरी बसवलं तर ते दिवाळीपर्यंतच टिकतं. गेल्या काही वर्षांत मला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बऱ्याच आईबाबांचे फोन आले. कुणाचं मूल अक्षरं उलटी वाचतं आणि वर्गात त्याला मठ्ठ ठरवून टाकलंय. कुणाचं मूल उलट इतकं पुढे की वर्गात कंटाळून खोड्या काढतं. भुसावळचे रेल्वेवाले बदल्यांना वैतागलेले असतात. कुणाला पोराला कुस्तीत किंवा बुद्धिबळात घालायचंय आणि शाळा वेळ खाते. काहींना फीच परवडत नाही, पण तसं सांगवत नाही म्हणून ते "शिक्षणपद्धतीच चुकीची" असं सांगतात. काही खरोखर विचाराने येतात, मुलाला स्वतःच्या ओढीने शिकू द्यावं म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत. मी प्रत्येकाला एकच विचारते: सकाळी अकरा वाजता घरात कोण असतं? आजी असली तरी चालेल, काका चालेल, पण रोज असणारा, मुलाशी बोलायला वेळ असणारा एक मोठा माणूस हवा. तो नसेल तर बाकी कारणं कितीही थोर असोत, मूल मोबाइल बघत बसतं.

आमच्याकडे मी होते आणि सासूबाई होत्या. पहिले सहा महिने त्यांचा रोजचा प्रश्न, "पोरले शाळामा का बरं नही धाडत?" पुढे त्याच तिच्या अर्ध्या मास्तरीण झाल्या. मुलीने अहिराणी शब्दांची वही केली, आजी सांगायची आणि ही लिहायची. मराठी वाचन त्या वहीमुळे सुटलं, माझ्यामुळे नाही.

गणिताचं एक सांगते. ती नऊ वर्षांची असताना आमच्याकडे केळीची मृगबाग लावायची होती. तिचे बाबा म्हणाले, पाच बाय पाचवर लावू, एकरी रोपं किती मागवायची ते तू सांग. मी एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट एवढंच सांगितलं. तिने अंगणात सुतळीने पाच फुटांचा चौकोन आखला, चार कोपऱ्यांत खडे ठेवले आणि बसली. आधी उत्तर चौपट यायला लागलं, कारण ती एका चौकोनाला चार रोपं धरत होती. मग तिच्या लक्षात आलं की प्रत्येक खडा शेजारच्या चौकोनाचाही आहे. संध्याकाळपर्यंत १,७४२ आलं. लागवड झाल्यावर वावरात जाऊन मोजून आली तर सोळाशेच्या आसपास भरली. मग बांध, ट्रॅक्टरची वाट, ड्रिपचा व्हॉल्व्ह, सगळं कागदावर काढत बसली. असे दिवस आले की वाटायचं, केलं ते बरं केलं.

आणि दुसऱ्या आठवड्यात अपूर्णांकांवरून आमचं असं वाजलं की तिने पाटी आपटली आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आईच मास्तर झाली की मास्तरांबद्दल रडायला मूल जाणार कुणाकडे? याचं उत्तर मला शेवटपर्यंत सापडलं नाही. गणित मग तिच्या आत्याकडे दिलं, आठवड्यातून तीन दिवस.

आणखी एक गोष्ट मी फोनवर कधीच लपवत नाही. ती अकरा वर्षांची असताना २६ जानेवारीला गावच्या शाळेच्या कंपाउंडबाहेर उभी होती, गजांना धरून. आतल्या मुली पांढऱ्या रिबिनी लावून रांगेत. घरी आली आणि विचारलं, "मी कुठल्या रांगेत उभं राहायचं?" पुढच्या वर्षीपासून गुरुजींनीच तिला झेंडावंदनाला बोलावलं. पण तोपर्यंत ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. संध्याकाळी खेळायला मुलं मिळतात, पण रांग मिळत नाही.

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू १ एप्रिल २०१०पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा त्यात नाही. घरच्या शिक्षणाला स्पष्ट परवानगीही नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात गुरुजी दारात येतील. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना पटाची काळजी असते, वरून विचारणा असते. आमच्याकडे आले तेव्हा मी चहा दिला, वह्या दाखवल्या, आणि तेच पुढे आम्हाला जुन्या प्रश्नपत्रिका आणून द्यायचे. याच कायद्यात मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे, म्हणजे दोन वर्षांनी परत जावंसं वाटलं तर तो पुन्हा तिसरीत बसणार नाही. परतीची वाट आहे हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

दहावीसाठी दोन रस्ते जास्त वापरात आहेत. एक राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, खासगी विद्यार्थी म्हणून. दुसरा एनआयओएस, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देता येणारी केंद्र सरकारची मुक्त शाळा. तिथे दहावीला वय १४ पूर्ण लागतं, किमान पाच विषय, मराठी माध्यमही मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. आम्ही दोन खेपांत केलं. ती आता चोपड्यालाच अकरावीत आहे, कॉलेजात तिला रांगांचा कंटाळा येतो म्हणे!

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा: शाळा सोडल्याचा दाखला नीट काढून घ्या. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद विचारतात. नाव, जन्मतारीख, जात, सगळं तपासून मगच सही करा. आमच्या दाखल्यात सासऱ्यांचं नाव चुकलं होतं, त्या एका वेलांटीपायी चार खेटे घातले.

इथे बरेच जण बहिणाबाईंचं नाव घेतात, की बघा, शाळेत न जाता केवढी कविता. मला ते पटत नाही. बहिणाबाईंनी शाळा सोडली नव्हती, त्यांना ती मिळालीच नव्हती. लिहिता येत नव्हतं म्हणून गाणी जात्यावर आणि वावरातच राहिली असती. सोपानदेवांसारख्या शिकलेल्या मुलाकडे ती लिहिलेली होती म्हणून अत्र्यांपर्यंत पोचली, आणि पुस्तक आलं ते १९५२ला, त्या गेल्यानंतर. दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला मी मुलीला मुद्दाम घेऊन गेले होते. भास्कराचार्य गणित शिकले ते वडिलांकडे, महेश्वरांकडे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि पाटणच्या १२०७च्या सुमाराच्या शिलालेखात काय आहे? भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद. घरी शिकलेल्याच्या नातवाने शाळा काढली! मुलगी तिथे एवढी हसली की पुजारी बघायला लागले.

मुंबईच्या मालविका जोशीचं फॉरवर्डही तुम्हाला येईलच, दहावी-बारावी न करता २०१६ला अमेरिकेत एमआयटीत गेली ती. खरं आहे. तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती. आपल्या कपाटात ती नाहीत हे लक्षात ठेवून ते फॉरवर्ड वाचा.

आता तुमचं. तुमचं मेडिकलचं दुकान आहे, दोघंही दुकानात, सासूबाई नाशिकला. म्हणजे अकरा वाजता घरात कोणी नाही. काउंटरमागे बसवून शिकवीन म्हणता, पण गिऱ्हाईक आलं की धडा थांबणार, आणि मुलाला ते आठ दिवसांत कळणार. दुसरं, तुमच्या प्रश्नात तुम्हीच लिहिलंय की शनिवारी बाबा सोडतात तेव्हा तो रडत नाही. शाळा तीच, बाई त्याच, वर्ग तोच. बदलते ती फक्त व्हॅन. माझी मुलगी व्हॅनमध्ये मागच्या बाकावर मोठ्या मुलांच्या दप्तरांखाली दबून बसायची. हे मला तिने शाळा सोडल्यावर दोन वर्षांनी सांगितलं.

सोमवारपासून पंधरा दिवस बाबांनाच सोडू द्या, दुकान अर्धा तास उशिरा उघडलं तरी चालेल. व्हॅनबद्दल त्याला थेट विचारू नका. गाडीवर पुढे बसवलं की तो आपण होऊन बोलेल. काय म्हणाला ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.