लंडनच्या तळघरातील रोमन स्नानगृह

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे लंडनला जाणार आहोत. शहराखाली दडलेले रोमन स्नानगृह आम्हांला पाहता येईल का, आणि त्यात विशेष काय आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अवश्य पाहता येईल. लोअर टेम्स स्ट्रीटवरील एका कार्यालयीन इमारतीच्या तळघरात बिलिंग्जगेट या भागातील स्नानगृहाचे हे अवशेष जपलेले असून, एप्रिल ते नोव्हेंबर या काळात शनिवारी, आगाऊ नोंदणी केल्यास, मार्गदर्शकासह ते दाखवले जातात. १८४८ मध्ये कोळसा बाजाराची इमारत उभारताना ते उजेडात आले. दुसऱ्या शतकातील नदीकाठच्या एका घराच्या अंगणात तिसऱ्या शतकात हे स्नानगृह बांधले गेले. उबदार दालनांच्या फरशीखाली विटांचे ठेंगणे खांब आहेत आणि भट्टीतील तप्त हवा त्यांच्यामधून खेळत जाऊन वरची जमीन तापवीत असे. या खांबांपाशी निवांत थांबावे, कारण रोमन कारागिरांची बुद्धी तिथेच प्रत्यक्ष दिसते. कोसळलेल्या कौलांवर सॅक्सन (रोमनांनंतर ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांपैकी) स्त्रीचा एक ब्रोच, म्हणजे वस्त्राला लावायची शोभेची पिन, सापडला, त्यावरून वास्तू पडल्यानंतरही तेथे माणसांचा वावर होता हे कळते, आणि मला हा पुरावा भिंतींइतकाच मोलाचा वाटतो. जवळच गिल्डहॉल कलादालनाच्या तळघरात रोमन अँफिथिएटरचे, म्हणजे झुंजी व खेळ पाहण्याच्या गोलाकार प्रेक्षागाराचे, अवशेष आहेत, तेही पाहून घ्यावेत.