बीपी कमी असताना सलाईन का थांबवलं?

प्रश्न : लघवीच्या जंतुसंसर्गातून वडिलांना सेप्टिक शॉक झाला. पहिले काही तास भराभर सलाईन दिलं. मग ते जवळजवळ बंद करून मानेतल्या नळीतून नॉरअ‍ॅड्रिनलीन सुरू केलं. बीपी तर कमीच होतं! वडील आता घरी आहेत, पण पायांची सूज अजून आहे.

उत्तर : वडील घरी आले, हे वाचून फार बरं वाटलं. आयसीयूच्या दारात नातेवाईक मला हाच प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं. जंतुसंसर्गातून होणाऱ्या सेप्टिक शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, शिवाय त्यांतून पाणीही झिरपतं. म्हणून सुरुवातीला सलाईन लागतंच. पहिल्या ३ तासांत किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पावणेदोन लिटरच्या आसपास. पण त्यातलं बरंचसं थोड्याच वेळात वाहिन्यांबाहेर जातं. तेच पायांत उतरतं, आणि फुफ्फुसात साचलं तर श्वास कोंडतो. म्हणून पुढची बाटली लावण्याआधी मी पेशंटचे पाय उचलून धरायला सांगते. पायांतलं रक्त हृदयाकडे आल्यावर हृदयाचा उपसा वाढला, तरच आणखी सलाईन कामाचं.

सैल वाहिन्या आवळायचं काम नॉरअ‍ॅड्रिनलीनचं. मॉनिटरवर बीपीशेजारी कंसात जो सरासरी आकडा दिसतो, तो ६५ च्या वर ठेवायचा असतो. हे औषध हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथली कातडी मरू शकते, म्हणून मानेची नळी. मात्र नळी पडेपर्यंत वाट न बघता चांगल्या शिरेतून ते सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे. डोस चढतच गेला तर व्हॅसोप्रेसिन (वाहिन्या आवळणारं दुसरं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) जोडतो. यातलं काहीही जंतू मारत नाही, हे विसरू नका. ते काम अँटिबायोटिकचं, आणि ते पहिल्या तासातच गेलं पाहिजे.

प्रत्येक शॉकला हे लागू नाही. रक्तस्राव झाला असेल तर रक्तच द्यावं लागतं. तीव्र अ‍ॅलर्जीत आधी मांडीत अ‍ॅड्रिनलीन. हृदयच थकलं असेल तर जास्तीचं सलाईन घातक ठरतं.

सूज हळूहळू ओसरते. पण धाप लागली, लघवी कमी झाली किंवा एकच पाय जास्त सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.