वास्तूंच्या कोलाजसाठी प्रेरणा कोठे शोधावी?

पोस्टर आणि मुखपृष्ठांसाठी वास्तूंचे कोलाज करायचे आहे, परंतु पिंटरेस्टवर त्याच त्या कमानी आणि तेच ते गोल जिने दिसतात, तेव्हा प्रेरणा कोठून घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: दोन काळ किंवा दोन साहित्ये जेथे उघडपणे एकमेकांना भिडली आहेत, अशा इमारती स्वतः जाऊन पाहाव्यात, कारण कोलाज सांध्यावर उभे राहते. मराठवाड्यात अशा इमारतींची वाण नाही. औंढा नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग कोरीव दगडाचा, हेमाडपंती आहे आणि वरचा पुढच्या काळात विटा-चुन्यात उभारलेला आहे. बीबी-का-मकबऱ्यात तळाच्या पट्ट्यापुरता संगमरवर आहे, मध्ये चुन्याचा गिलावा येतो आणि घुमटावर पुन्हा संगमरवर दिसतो.

हे इतक्या ठामपणे लिहिण्यास कारण आहे. पुण्यातील एका स्टुडिओत नोकरीस असताना औसा तालुक्यातील एका शाळेच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ माझ्याकडे आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ते गाव नव्या जागी वसवले गेले होते. मी जुन्या गावठाणात जाऊन पडक्या भिंती, त्यांतल्या देवळ्या आणि ढेळजेची (वाड्याच्या दारातल्या ओसरीची) उभी राहिलेली एक चौकट यांची छायाचित्रे घेतली, आणि नव्या गावातील एकसारख्या घरांच्या ओळीवर ती अशी बसवली की प्रत्येक नवे दार जुन्या चौकटीतून उघडावे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद (सपाट छप्पर) यांनीच त्या पहाटे माणसे गाडली होती, त्यामुळे जुने घर सुंदर आणि नवे रुक्ष असे दाखवणे खोटे ठरले असते. म्हणून चौकटीच्या वर मी माळवद येऊ दिले नाही, तेथे कोरा कागद ठेवला.

स्टुडिओच्या मालकांनी ते पाहिले, ‘मराठवाडा म्हणजे दुष्काळ, तिथे कसली आली आहे वास्तुकला?’ असे म्हटले आणि चौकटीच्या जागी विकतच्या छायाचित्रातील राजस्थानी हवेलीचा झरोका लावायला सांगितला. स्मरणिका तशीच छापली गेली. शाळेतील एका वयस्कर गुरुजींनी फोनवर एवढेच विचारले, ‘हे घर कुणाचं म्हणायचं?’ मालकांकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या मते कोलाज करणाऱ्याकडे ते प्रत्येक कात्रणाबाबत असले पाहिजे. ज्या प्रदेशात वेरूळचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले गेले, जेथे तेर गावातील विटांच्या बौद्ध चैत्यगृहाचे (प्रार्थनागृहाचे) पुढे त्रिविक्रम मंदिर झाले, तेथे वास्तुकला नाही असे म्हणणारा माणूस ती पाहायला कधी गेलेलाच नाही, हे मी त्यांना आजही तोंडावर सांगेन.

इतरांचे काम पाहूच नये, असा याचा अर्थ घेऊ नये. चित्रकार पॉल सित्रून यांचे १९२३ मधील ‘मेट्रोपोलिस’ हे शहरी इमारतींच्या छायाचित्रांचे कोलाज अवश्य पाहावे. वास्तुविशारद मीस व्हान डर रोहे यांनी १९४२ मध्ये विमान कारखान्याच्या छायाचित्रावर कागदाचे तुकडे चिकटवून मांडलेली संगीतसभागृहाची कल्पनाही पाहावी. त्यात कारखान्याचे लोखंडी छत तसेच राहू दिले आहे.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड नेण्यास परवानगी लागते, आणि पडक्या वाड्यातही मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. छायाचित्र शक्यतो भिंतीसमोर सरळ उभे राहून घ्यावे, आणि उन्हाची वेळ लिहून ठेवावी, कारण सकाळच्या सावल्यांचे तुकडे दुपारच्या तुकड्यांशी जुळत नाहीत.