टॉर्टिया कडक होतात, काय करू?

प्रश्न: ताई, टाकोसाठी, म्हणजे सारण भरून दुमडायच्या मेक्सिकन पदार्थासाठी, घरी मैद्याच्या टॉर्टिया (चपातीसारख्या पातळ पोळ्या) करते पण दुमडायला गेलं की तुटतात. – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: अगं, मोहन कमी पडत असणार आणि तवा मंद. 2 वाट्या मैद्याला 4 चमचे तूप आधी नीट चोळून घे, मूठ वळली पाहिजे, मग मीठ आणि चांगल्या गरम पाण्याने मऊ मळून अर्धा तास झाकून ठेवच, ते टाळू नकोस. चपातीपेक्षा पातळ लाट, कडक तापलेल्या तव्यावर फोड आले की लगेच उलट, आणि उतरवली की सुती फडक्यात गुंडाळ, वाफेनेच मऊ राहतात. मेक्सिकोत उत्तरेकडे गव्हाच्याही करतात, तुपाऐवजी डुकराची चरबी घालून. आत आपलं सुकं मटण, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. रस्सा मात्र वाटीतच ठेव!