जेलसेवेसाठी आधी थोरल्याला विचारा

सप्रेम सलाम ताई,

तुमच्या पत्रात मत्तयाचा पंचविसावा अध्याय आहे ('मी तुरुंगात होतो, तुम्ही मला भेटायला आलात'), हन्नेचा नवस आहे (मुलगा झाला तर तो देवाला देईन). तुमच्या मंडळीतल्या त्या कर्णबधिर मुलाची हकिकतही आहे, जो मोबाइल चोरीच्या आरोपाखाली इंदूरच्या जेलमध्ये आठ महिने काढून आला आणि आता कोणाकडे बघतसुद्धा नाही. धाकटीला बारावीत ७१ टक्के पडले. तिला बायबल कॉलेजात घालायचं आणि पुढे कर्णबधिर कैद्यांच्या सेवेला द्यायचं, हे तुम्ही ठरवून टाकलंय, कारण थोरला कर्णबधिर आहे आणि ती लहानपणापासून त्याची दुभाषी आहे. तिचं स्वतःचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय: "बी.कॉम. करायचं म्हणते, पण वयच तसं आहे."

गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती या ओळीची. डॉक्टर, शाळा, नातेवाईक, चर्च, सगळीकडे भावाचं बोलणं हिनंच पोचवलं. अशी मुलं अठराव्या वर्षी दमलेली असतात आणि दमलोय हे सांगत नाहीत. आता ती 'नको' म्हणाली, तर भावालाच नको म्हटल्यासारखं तिला वाटणार. त्यात तुम्ही देवाचं नाव जोडलंत. मग तिनं नाही म्हणायचं तरी कोणापुढे? हन्नेनं नवस केला हे खरं, पण रात्री देवाची हाक आली ती तिच्या मुलाला, शमुवेलाला, आणि 'बोल' म्हणाला तोही शमुवेलच. एवढी जागा तुमच्या मुलीलाही द्या.

तिला बी.कॉम. करू द्या. बँक, सी.ए., जे जमेल ते पुढे बघता येईल, आणि बायबल कॉलेजातली थिऑलॉजी पदवीनंतरही होते. दुभाषाचं काम तिला स्वतःहून करावंसं वाटलं, तर त्याचा रीतसर कोर्स आहे: भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाचा दोन वर्षांचा डिप्लोमा, बारावीनंतर. दिल्लीची आय.एस.एल.आर.टी.सी. (भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र) आणि मुंबईची अली यावर जंग संस्था तो चालवतात. तो झाला की पगार मागायचा. आयुष्यभर फुकट राबणं म्हणजे सेवा नव्हे.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज. तुम्ही लिहिता, "तिला खुणा येतातच, जेलमध्ये अडचण यायची नाही." घरातल्या खुणा घरापुरत्या असतात. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती हातांनी केलेली हिंदी किंवा मराठी नव्हे. जेलमध्ये भेटणारे काहीजण तर शाळेतच गेलेले नसतात. त्यांना ही भाषाही येत नाही आणि लिहिलेली हिंदीही वाचता येत नाही. त्यांच्या हातात बायबलची प्रचारपत्रिका ठेवली तर ते नम्रपणे मान डोलावतात. ही डोलावलेली मानच घात करते. पोलिसानं विचारलं, मान हलली. वकिलानं विचारलं, मान हलली. आणि कागदावर 'कबूल' झालं. म्हणून 'समजलं का?' असं कधी विचारायचं नाही. 'मी काय सांगितलं ते आता तू मला सांग' असं म्हणायचं. अशा माणसापाशी शिकलेला दुभाषीही अडखळतो. तिथे दोघं लागतात: एक ऐकू येणारा दुभाषी आणि एक कर्णबधिर माणूस, जो चित्रानं, अभिनयानं, समोरच्याच्या खुणा उचलत अर्थ काढतो.

तो दुसरा माणूस तुमच्याच घरात आहे. थोरला चोवीस वर्षांचा, बारावी पास, सांवेर रोडवरच्या कारखान्यात पॅकिंगला. पत्रात तो फक्त सांभाळायचा माणूस म्हणून येतो. जेलमधून सुटलेला तो मुलगा महिन्यातून एकदा त्याच्यापाशी येऊन बसतो, हे तुम्हीच लिहिलंय आणि लिहून पुढे गेलात. कोणाकडेही न बघणारा त्याच्याकडे बघतो. ही सेवा कर्णबधिरांनीच चालवावी, ऐकणाऱ्यांनी मदतीला असावं, असं माझं ठाम मत आहे. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आय.एस.एल.आर.टी.सी.मध्ये आहे. त्याला तो करायचा आहे का, हे विचारा. तोवर इंदूरच्या तुकोगंज पोलीस ठाण्यातल्या मूक-बधिर सहायता केंद्राचं काम दोघांनी जाऊन पाहावं.

जेलमध्ये सेवा नेमकी कशाची, हेही समजून घ्या. गिनतीला नाव पुकारतात, कर्णबधिर उठत नाही, तो उर्मट ठरतो. मुलाकातीच्या खिडकीवर इंटरकॉम असतो, त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. काच स्वच्छ आणि दोन्हीकडे उजेड असला तरी पुरे. हातकडी म्हणजे त्याच्या तोंडावर पट्टी. 'नाटक करतोय' असा संशय आला तर बेरा चाचणी मागायची, म्हणजे आवाजाला मेंदूकडे जाणाऱ्या नसा कसा प्रतिसाद देतात ते यंत्रानं मोजणारी तपासणी. तिला रुग्णानं उत्तर द्यावं लागत नाही. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून सांकेतिक भाषेतले बायबलचे व्हिडिओ तिथे असून नसून सारखे. गोष्ट अंगानं सांगता आली पाहिजे.

वकील मोफत मिळतो: कैदेतल्या आणि दिव्यांग व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं तो हक्क आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपीला खटलाच समजत नसेल आणि शिक्षा झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याच्या कायद्याच्या) कलम ३५७ नुसार प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं लागतं. हे वकिलाच्या लक्षात आणून द्यावं लागतं. आत जायची परवानगी एकट्यादुकट्यानं मागू नका. आधीपासून जेलमध्ये जाणाऱ्या नोंदणीकृत संस्थेबरोबर जा. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया १९८१ पासून हे काम करते. ते कॅथलिक आणि आपण प्रोटेस्टंट, हा भेद जेलच्या दारात नको.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत. मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा लागू आहे. भेटवस्तू, पैसा, नोकरी यांचं आमिष दाखवून धर्मांतर केलं तर एक ते पाच वर्षं शिक्षा आणि किमान २५,००० रुपये दंड. म्हणून जामीन, कपडे, नोकरी ही मदत प्रार्थनेला येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखीच. वकिलासमोर दुभाषी म्हणून बसलेल्यानं त्या कैद्याचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होऊ नये. हे नुसतं कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. ज्याचा जगाशी एकच धागा तुमच्या हातात आहे, तो तुम्हाला 'नको' म्हणू शकत नाही.

सुटल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात नाजूक. झोपायची जागा आधी ठरलेली हवी. मग आधार, दिव्यांगांचं यू.डी.आय.डी. ओळखपत्र, बँक खातं, व्हिडिओ कॉल होईल असा फोन आणि कोर्टाच्या पुढच्या तारखेचं चित्ररूप कॅलेंडर. तारीख चुकली की वॉरंट निघतं. आणि त्याची कहाणी चर्चमध्ये साक्ष म्हणून सांगायला लावू नका. कर्णबधिरांचा समाज लहान आहे, दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या फोनवर असते, आणि कामाची जागा हातची जाते.

या आठवड्यात दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोला. थोरल्याशी बोलताना धाकटीला दुभाषी करू नका. बाहेरचा दुभाषी बोलवा. तुम्हाला त्याची भाषा किती येते, हे पत्रात कुठेच नाही. येत नसेल तर त्याच्याकडूनच शिकायला लागा. आणि धाकटीच्या कॉलेजची प्रवेशाची तारीख या सगळ्यात चुकवू नका.